कवठाळ रोड

कवठाळ इथून अकरा किलोमीटर.
आमचं गाव म्हणजे तिकडं जायचा रस्ता.
स्टेशनाच्या पाटीवर तसंच होतं,
पाटी गंजून पडली तरी नाव पडलं नाही.
छोटी गाडी बंद झाली, मोठी लाईन आली,
आणि मोठ्या लाईनीनं
दोन कोस लांबूनच वळण घेतलं.

मला साठ दिवसांचं काम मिळालंय.
घरामागं चौदा रुपये,
टॅब सरकारी, चार्जर माझा.

प्रश्न सातवा.
कुटुंबाचा मुख्य व्यवसाय. एकच निवडा.

दैवशाला टरकसे झेरॉक्स काढते,
पोलीस भरतीचे फॉर्म भरून देते,
लग्नसराईत ब्लाउज शिवते,
गुरुवारच्या बाजारात सासऱ्याशेजारी बसून
सुकी मिरची विकते.
यातला कोणता लावू?
म्हणाली, लाईट असली तर झेरॉक्स लावा,
गेली की ब्लाउज.
मशीन पायाची आहे.

मी थांबलो. लाईट गेली.
ब्लाउज लावलं.

गुंडप्पा हुडगे आडतीवर.
सोयाबीन मुठीत घेऊन, एक दाणा दाताखाली फोडून
ओलावा सांगतो; यंत्र शेजारीच, झाकून ठेवलेलं.
बापाच्या वहीत दोनच रकाने होते म्हणे,
हाली आणि कलदार.
तुझ्यात किती?
सत्तेचाळीस.
मग बसतं की सगळं, म्हणाला,
आणि पानाला चुना लावायला घेतला.

जिनिंगचं आता मंगल कार्यालय झालंय.
मैनोद्दीन अत्तार पूर्वी गाठी बांधायचा,
आता गेटवर शिट्टी.
डीजेचा दणका बसला की
वरच्या लोखंडी कैच्यांतून जुनी रुई सुटते,
तरंगत तरंगत नवरीच्या केसांवर.
व्हिडिओवाल्याला वाटतं, मालकानं सोय केलीय.
"अपनीच है वो," मैनोद्दीन म्हणतो,
"आखरी सीजन की."

स्टेशनमागच्या ओळीत लिंबाजी पोटभरे.
वार्षिक उत्पन्न?
"पोराचे सोळाशे मीटर, पाच मिनिटं वीस सेकंद.
दहा सेकंद कमी झाले की सांगतो."
त्यांचं पोर आणि अजून पन्नास-साठ,
पहाटे चारला डांबरीवर त्यांच्या पायांचा आवाज येतो.
टँकरचा ड्रायव्हर
त्यांच्यासाठी हॉर्न न मारता थांबतो.
हेही कुठं भरायचं
ते प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

तांड्यावर तीन वेळा गेलो.
दसऱ्यानंतर माणसं कर्नाटकात, कारखान्यांवर.
तीन फेऱ्यांत कुलूपच दिसलं
तर 'बंद' नोंदवा, असा नियम.
अकरा कुलपं.
आणि घमाबाई, पत्र्याच्या सावलीत,
पुढ्यात तंबाखूच्या अकरा डब्या.

गेलेल्यांच्या कोंबड्या हिच्याकडं.
अंडी रोज गोळा करते,
ज्याच्या कोंबडीचं अंडं, त्याच्या डबीत पैसे.
तीन रंग सारखे असलेल्या तीन कोंबड्या आहेत,
त्यांच्या पायांना वेगळ्या चिंध्या.
एक डबी हलवून दाखवली मला.
"हिची मालकीण बाळंत व्हायचीय तिकडंच.
तिची कोंबडी खुडूक बसलीय,
अंडं देईना.
म्हणून माझ्यातले टाकते दोन-दोन रुपये.
सांगू नको."

तुमचा व्यवसाय, घमाबाई?
"कुठला रे.
बसून असते."

अकरा वेळा 'बंद' दाबलं.
एकदा 'अवलंबून'.
पाठवायला रेंज नव्हती,
मग टेकाडावर चढून
कवठाळच्या बाजूला तोंड करून
टॅब डोक्यावर धरून उभा राहिलो.