डावीकडून तिसरी

सेतुबालच्या बंदरामागे, जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री आमचा वर्ग भरतो.
सात बायका, एक निवृत्त खलाशी,
आणि शिकवायला नेमलेली मी.
हातात भिंग, पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणं.

पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं :
फोटो कोणी काढला? कुठे उभं राहून? काय कापलं?
इदालिना म्हणाली, बाई, मला अजून अक्षर लागत नाही,
तोंडानं विचारा.

तोंडानं विचारत गेले.
साबणाच्या जाहिरातीतली आई
इतक्या पहाटे केस विंचरून कशी तयार?
ते मूल भाड्याचं असणार, कुणीतरी म्हणालं.
पुढाऱ्याचा फोटो नेहमी खालून का?
बेल्मिरू खलाशी खोकला आणि म्हणाला,
खालून काढला की गोदीतला उंदीरही जहाज वाटतो.
हे मी वहीत उतरवून घेतलं.
माझ्या पुस्तकाला त्यासाठी चार पानं लागली होती.

चौथ्या आठवड्यात ते कात्रण काढलं.
सार्डिनच्या कारखान्याचं फाटक, बायकांचा घोळका,
डोक्याला रुमाल, तोंडं उघडी,
आणि डावीकडून तिसरीच्या मुठीत सुरी.
वर ठळक मथळा : शस्त्रधारी जमाव.
काय दिसतं?

कोणी बोलेना.
इदालिनानं भिंग घेतलं,
पण धरलं स्वतःच्या अंगठ्यावर,
तिथल्या पांढऱ्या वणावर.
मग म्हणाली, ही मी.

"भोंगा झाला तेव्हा अर्धी टोपली बाकी होती.
मुंडकी उडवायची सुरी ती, बोटभर पातं.
टाकून आले असते तर पगारातून कापली असती.
आणि मी ओरडत नव्हते.
जांभई होती ती. पहाटे तीनपासून उभी होते."

सगळे हसले. बेल्मिरूनं टेबलावर थाप मारली.
मीही खूश. हेच तर शिकवायचं होतं,
दिसतं तसं नसतं.
खडू उचलला, तेवढ्यात ती म्हणाली, थांबा.

"फाटकात मुकादम उभा होता.
यात नाही, त्याला कापलाय.
त्याच्याकडे बघून
मी मूठ गरजेपेक्षा जास्त आवळली होती.
तेही लिहा."

खडू हातातच राहिला.
खाली रस्त्यावर कोणीतरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं,
एकदा, दोनदा, पुन्हा.

मे महिन्यात नगरपालिकेचा माणूस कॅमेरा घेऊन आला,
वर्गाच्या माहितीपत्रकासाठी.
इदालिनाच्या हातात त्यानं कोरी पेन्सिल दिली.
आजी, मान खाली घाला,
जरा जड जातंय असं दाखवा.
आणि बाई, तुम्ही मागून वाका,
त्यांच्या खांद्यावर हात ठेवा, हसा.

मी वाकले. हात ठेवला. हसले.
तीनही प्रश्न माझ्या पाठीमागे फळ्यावर होते.

हिला टोकच नाही, इदालिना म्हणाली,
आणि एप्रनच्या खिशातून
बोटभर पात्याची सुरी काढून
सावकाश तासायला बसली.
लाकडाच्या साली कागदावर पडत गेल्या,
खवल्यांसारख्या.
तो म्हणाला, ती वस्तू जरा बाजूला ठेवता?
अर्धं टोक झालंय, ती म्हणाली.
मान काही तिनं खाली घातली नाही.

माहितीपत्रक छापून आलं.
फोटो तिच्या कोपरापाशी कापलाय.
कडेला दोन-तीन साली तेवढ्या राहून गेल्यात,
भिंग लावलं तर सापडतात.

नव्या वर्गाला मी पहिल्यांदा हाच फोटो देते
आणि गप्प बसते.
साली कोणाला लवकर दिसत नाहीत.
पण दरवर्षी कोणीतरी मान वर करून विचारतं,
बाई, तुम्ही का हसताय?