म्हणते इथलीच

ह्यू मॅकगेटिगन दर मंगळवारी येतो
ग्रीनॉकच्या नोंदखान्यात, दहाच्या ठोक्याला.
टोपी काढून मांडीवर ठेवतो
आणि पेढीवर जुनी ठेव मागावी तशी
पणजीची आई मागतो.

नाव ग्रेस. डेरीच्या बोटीने आली,
डेकवर, गुरांच्या सोबतीनं, असं घरात बोलायचे.
नवरा साखरेच्या कारखान्यात.
एवढंच भांडवल.

मी खोकी काढते. इथे शाई चालत नाही,
पेन्सिल चालते, आणि धीर.
एका कारकुनाने लिहिलंय मगिटिकन, दुसऱ्याने गॅटिगन,
तिसऱ्याची जेवायची वेळ झाली असावी,
त्याने नुसतंच गेटी.
बाई नीटच बोलली असणार.
कान त्यांचे होते, टाकही त्यांचा.
मला नवल नाही.
गुळवणीतला माझा ळ
पासपोर्टाच्या पहिल्याच ओळीत गळाला,
इथे मी गुलवानी, आणि आता हाकेला ओ देते.

मुलाच्या जन्मनोंदीखाली तिची सही नाही,
फुली आहे. एक तंगडी लांब,
उठायच्या घाईत मारल्यासारखी.
शेजारी कोरीव अक्षरात: ही तिची निशाणी.
मी ह्यूला सांगते, आमच्या जुन्या कागदांत
कुणब्याच्या नावापुढे नांगर काढायचे.
तो बराच वेळ फुलीकडे बघत बसतो.
"नांगर बरा," म्हणतो,
"निदान काही उगवायची आशा."

शिरगणतीत जन्मस्थान: आयर्लंड. बस्स.
पत्रावर नुसतं 'महाराष्ट्र' लिहून
पेटीत टाकावं, तसं.
आणि दहा वर्षांनी, पुढच्या शिरगणतीत,
हीच बाई जन्मली ग्रीनॉकमध्ये!
ही दुसरी कुणीतरी, ह्यू म्हणतो.
पण मुलं तीच,
गल्ली तीच, जिना तोच,
शेजारीण मिसेस लॅव्हरी, तीही तीच.

अकराव्या मंगळवारी
गरीबखात्याच्या वहीत ती सापडली.
वहीला ओल लागून कोपरे बिस्किटासारखे झालेले.
नवरा वारला, पाकाची कढई.
मुलं चार, धाकटं अंगावर पितं.
खोलीत सामान: एक बाज, एक किटली.

तेव्हाचा नियम असा होता, मी ह्यूला समजावते,
पाच वर्षं सलग इथे काढली तर भाकरी,
नाहीतर परतीची बोट, पोरांसकट.
तिची चार झाली होती.
(माझी चार वर्षं सात महिने.
माझा अर्ज घरी, ड्रॉवरमध्ये,
चमच्यांच्या खाली.
हे मी त्याला सांगत नाही.)

जन्म कुठला, इन्स्पेक्टरने विचारलं.
इथलाच.
एकदा सांगितलं, मग जन्मभर निभावलं,
शिरगणतीवाल्यालाही तेच.

"म्हणजे खोटं बोलली," ह्यू म्हणतो,
आणि इतका सरळ बसतो
की टोपी खाली पडते.
अकरा मंगळवार तो तिचं गाव शोधत होता,
आणि ते गाव तिने स्वतःच्या हाताने
पोरांच्या भाकरीखाली पुरलं होतं.

मग मी समासावर बोट ठेवते.
तिथे बारीक अक्षर, इन्स्पेक्टरचं,
घाईचं, डावीकडे कललेलं:
म्हणते इथलीच. बोलते तिकडची.
आणि खाली, त्याच टाकाने,
मंजूर. आठवड्याला तीन शिलिंग.

ह्यूने ते तीनदा वाचलं.
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"त्याला कळलं होतं," तो म्हणाला.
मी काही बोलले नाही. माझ्या तोंडून
जे काही निघालं असतं, ते तिकडचंच निघालं असतं.

गाव नाही मिळालं. परगणासुद्धा नाही.
मी खोकं बंद करायला लागले
तर त्याने हात मध्ये घातला.
मंजुरीखाली सही नव्हती, दोनच अक्षरं होती, आर. के.
"हा कोण," त्याने विचारलं,
"ह्याचं कुणी मागे आहे का?
पुढच्या मंगळवारी ह्याला काढू."

मी पेन्सिलीला टोक केलं.