बरगड्या झाकायचं काम

ब्युनोस आयर्स. चौथ्या मजल्यावर
ओस्वाल्दो फोटो साफ करतो, एकोणीस वर्षं.
आधी कंबरा कापायचा,
मांड्यांमधली फट रुंद करायचा,
जेवणाच्या सुट्टीआधी तीन बायका बारीक.

हल्ली उलटं काम येतं.
मुलीच इतक्या वाळून येतात
की संपादक बाई म्हणतात, बरगड्या दिसतायत, झाक.
मग तो दुसऱ्या फोटोतली कुणाची तरी पाठ उचलतो,
थोडी थोडी लिंपतो,
गळ्याची हाडं बुजवतो, गालांवर रक्त आणतो.
वीस मिनिटं.
कंबर मात्र तशीच ठेवायची.
उपाशी चालेल, उपास दिसता कामा नये.

घरी हिमेना ताटातल्या मिलानेसाचे
सोळा तुकडे करते. तो मोजतो.
ती बोलत राहते, सुरी चालत राहते,
तुकडे सोळाच.

तिच्या कपाटाच्या दाराला आतून
एक पान चिकटवलंय.
स्वेटर ठेवताना त्याला दिसलं.
मार्चचा अंक.
पाठ त्याने लगेच ओळखली:
डाव्या खांद्याखाली
एकच तीळ दोनदा आलाय,
घाईत पुसायचा राहिलेला.
शेजारी पेन्सिलीने बाण,
आणि हिमेनाच्या अक्षरात, 'अशी'.

न्हाणीघराचा नळ कधीचा सुरू आहे.
तो दाराशी उभा.
बोट आपोआप हवेत दाबलं जातं,
काम चुकल्यावर दाबायची सवय असते तसं:
मागे, मागे,
आणखी एक पायरी मागे.

नळ बंद होतो.
"पापा," आतून ती विचारते, "तू जेवलास?"