मुका ई

पहिली पन्नास अक्षरं ठोक भावात, पुढे अक्षरामागे नऊ पेन्स,
असा फळा ब्रेथवेटच्या दाराला होता.
तो मीच रंगवलेला, उमेदवारीच्या पहिल्या महिन्यात.
त्यातला एन उलटा पडला होता.

हेस्टर टायसन आली ती फेब्रुवारीत.
बुटांना मेंढवाड्याचा चिखल,
हातात साखरेच्या पुड्याचा कागद
आणि त्यावर पेन्सिलीनं आईचा मजकूर.
नाव. दोन सालं. त्याखाली
सात मुलं हिनं वाहिली, चार इथं शेजारी.

"बॉर्न," मी मोठ्यानं वाचलं.
"याच्या शेवटी ई कशाला, बाई?
आमच्या शाळेत माणूस चार अक्षरांत जन्मतो.
नऊ पेन्स वाचतील."

ती काही बोलली नाही. पाकिटातली नाणी
एका बोटानं इकडची तिकडे करत राहिली.

ब्रेथवेटनं छिन्नी ठेवली.
फुटक्या पाटीवर खडूनं दोन्ही लिहिले,
एकाखाली एक. "म्हण."
म्हटले. जिभेला दोन्ही सारखेच.
"वरचा लेकराचा. आलं, सुटलं.
खालचा बाईचा. पोटातलं पोर, विहिरीची बादली,
शेजाऱ्याची शवपेटी, नवऱ्याचं तोंड,
सगळं याच एका शब्दानं वाहायचं, सोसायचं."
"आणि ई काय करतो?"
"काय करणार? गप्प बसतो."

हिरव्या स्लेटीत ई कापणं सोपं नाही.
मधली आडवी रेघ आखूड, हात जरा जड पडला
की पापुद्रा उडतो.
तो ई त्यानं मला कापायला दिला.
दोन दिवस लागले. मधली रेघ
अजूनही किंचित खाली झुकलेली आहे,
पाऊस पडून गेला की दिसते.

ईस्टरच्या आधी ती भावाची गाडी घेऊन आली.
मजकूर वाचला नाही. अंगठा फिरवत गेली
आणि ई-वर थांबली.
"चौघांतला धाकटा," ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
"जन्मला असं म्हणताच यायचं नाही.
थंडच आला. पाद्र्यानं वहीत घेतला नाही.
आईनं मात्र वाहिला होता, पुरे दिवस.
हे अक्षर गाळलं असतंस
तर सातचे सहा करावे लागले असते."

अंगठ्याची माती त्या खाचेत राहिली.
मी फडकं उचललं, आणि परत ठेवलं.

ब्रेथवेटनं नऊ पेन्स मोजून घेतले.