एकोणीस सेकंद

खोकला माझा आहे. तिसऱ्या गाण्यात, डाव्या कानाला.
तो मी काढला.
खुर्ची सरकल्याचा आवाज काढला,
कुणाच्या तरी पिशवीतल्या चिवड्याची कुरकुर,
उरण रस्त्यावर मागे मागे जाणाऱ्या कंटेनरचं तें-तें,
सगळं खरवडलं, जिताड्याचे खवले काढावेत तसं.

बर्फाच्या कारखान्याचा कंप्रेसर मात्र निघेना.
दिवाळे कोळीवाड्यात समाजमंदिराच्या भिंतीला भिंत लावून
तो घुमतो, रात्रंदिवस.
मोरेश्वर तांडेल म्हणाला, तो काढलास तर मी बेसूर होईन.
तेव्हा कळलं,
त्याने गिटार कंप्रेसरला लावली होती.

मी हळदीत बेंजो पार्टीचा साउंड करणारा माणूस,
मला ब्लूज काय कळणार.
दादाने समजावलं: बारा घरं असतात,
फिरून पुन्हा पहिल्यात यायचं.
मग हसला. आमची साडेबारा टक्क्यांची रे,
वरचं अर्धं घर सिडकोकडून अजून यायचंय.
हा विनोद अल्बमवर आहे. सगळे हसतात,
पहिल्या रांगेतला एक जण जरा उशिरा,
तो सिडकोतूनच रिटायर झालेला.

तळोज्याच्या कंपनीत बत्तीस वर्षं.
टाळं लागलं त्या दिवशी हिशेब मिळाला नाही,
स्टीलच्या पाइपचा बोटभर तुकडा तेवढा खिशात आला.
तो करंगळीत घालून दादा तारेवरून सरकवतो
आणि तार घसा खाकरते,
बोलावं की नको, अशी.

सातवं गाणं नवीन. कुठेच गायलेलं नव्हतं.
कागद माझ्याकडे होता, डिझेलच्या पावतीमागे,
त्याच्या हातचा:
भरती आली, भरती गेली
होरी माजी बांदलेली
दोर कुनाच्या हातान हाय

दुसऱ्या ओळीनंतर तो थांबला.

एकोणीस सेकंद. तेव्हा मी मोजले नाहीत, पडद्यावर दिसतात:
कंप्रेसर,
मग नुसताच कंप्रेसर,
आठव्याला करंगळीतला पाइप लाकडावर एकदा टेकतो,
चौदाव्याला कुणीतरी श्वास घेतं, माइकपासून लांब,
आणि मागून, पंख्याखालून, एका बाईचा आवाज,
घाई नाही, वाट्याचा भाव सांगावा तसा:

दोर तुज्याच हातान हाय.

तो तेच गायला. जसंच्या तसं. तीनदा.
कागदावरचं 'कुनाच्या' कागदावर राहिलं.

सीवूड्सच्या खोलीत दार लावून
मी ते चाळीसेक वेळा ऐकलं असेल.
आठवत होती ती असं वाटत नाही.
सांगत होती असंही नक्की म्हणता येत नाही.
देणगीच्या वहीत एक्केचाळीस नावं,
एक सोडून सगळ्यांना आडनाव.
सुगंधा, रुपये पन्नास. सही नाही.

फोन केला. दादा, सातव्यातली जागा शिवून घेऊ का?
शांतता काढतो, बाईचा आवाज काढतो,
ओळ सरळ तुझ्याच तोंडून येईल,
कुणाला कळणार नाही.

पलीकडे काही नाही.
मासळी कापल्याचा आवाज, पाटावर,
मग तोही थांबला.
मी सवयीने मोजायला लागलो.

'ते ऱ्हाव दे,' तो म्हणाला.
'मंग बाकी काय बी पुस.'
ठेवतो म्हणेपर्यंत पुन्हा:
'तिथं माजा आवाज थोरा कमी कर.'

केला. फार नाही, कंप्रेसरच्या जरा वर राहील इतपत.
आता त्या जागेला
ती इथे, कानापाशी उभी आहे,
आणि तो
अर्धं घर लांब.