आठानं गुणायचं

तेरणेच्या काठी, मन्मथ बिराजदारांच्या रानात
हातभर खड्डा घेऊन आम्ही यंत्र पुरलं.
वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण,
त्याखाली काय, तेच तर विचारायचं होतं.
जवळून कुणी चालू नका, असं बजावलं.

"ह्याला ऐकू येतंय?"
येतं, म्हणालो, बोलता येत नाही.
"मंग माज्यावानीच हाय."

रात्री तंबूत कंदिलाशी मी कागद उलगडायचो.
आधी येते ती प्राथमिक लाट,
गर्दीतल्या माणसासारखी, पुढच्याला ढकलत;
मागून दुय्यम, आडवी, सूप पाखडल्यागत.
दोघींमधले सेकंद मोजायचे, आठानं गुणायचं,
की निघतात किलोमीटर.
पहिला काटा कुठं वर गेला, कुठं खाली,
त्यावरून एक वर्तुळ काढायचं.
मधोमध काळं आलं, कडांना पांढरं:
तव्यावर विसरलेली भाकरी.
म्हणजे जमीन ताणून फाटली नाही,
चेपली गेली; भ्रंशाची एक बाजू दुसरीवर चढली.

हे त्यांना सांगून पाहिलं.
अख्खी भूमी उत्तरेला सरकतेय, हिमालयाला रेटतेय,
तो रेटा इथवर साठत येतो.
"डोंगुर तिकडं उचलायचा,
आन् माळवद आमचं कामून पडलं?"
कागदावर एवढं येत नाही.

मग ते आपणहून बोलले, एकदाच.
"कुत्रं केकाटलं. बाज थरथरली.
मी म्हणलं, उठ गं.
तेवढंच म्हणलं बगा. मंग आलं सगळं आडवं."

आणि माझ्या डोक्यात, मला न विचारता,
हिशेब सुरू झाला.
उठ गं: एक सेकंद. कदाचित कमीच.
एक गुणिले आठ.
मी मान खाली घातली तेव्हा दिसलं,
पेन्सिल हातात आलेली होती.

पुढं धक्के विरळ होत गेले.
पण रोज पहाटे, चाराला चार मिनिटं कमी असताना,
कागदावर बारीक दाते उमटत,
लांबून जवळ येणारे,
मग बराच वेळ सरळ रेघ,
मग परत जाणारे.
सावकाश. अनवाणी असावेत.

अहवालात मी लिहिलं:
मानवी हालचाल. वगळावी.