दुसऱ्या रकान्यात

पावणेदहाला आम्ही उभे राहतो.
पंधरा मिनिटं. खुर्च्या भिंतीला.
बसलं की माणूस पाल्हाळ लावतो,
असं पुण्याहून आलेले एक कोच सांगून गेले.

मेचा तिसरा आठवडा. परसोडीचा हा तिसरा मजला,
एसी बंद, म्हणून भाड्याचा कूलर,
वाळ्याचा ओला वास,
आणि फळ्यावर फडफडणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या.
एका चिठ्ठीवर एक माणूस.

बोलवायचे. बोलणे सुरू. झाले.
मी त्यांना बोटानं सरकवते
या रकान्यातून त्या रकान्यात.

पूर्वी फाइल असायची. टाचणी गंजेपर्यंत
अर्ज पडून राहायचे, खोटं कशाला बोलू,
पण जाहिरातीतली जागा तीच राहायची.
आता पंधरा दिवसांत जागा भरायची
आणि पंधरा दिवसांत जागाच बदलते.

सुगत उके. वय सत्तेचाळीस. कामठी रोड.
बुटीबोरीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं स्टोअर.
तो बाहेरच्या बाकावर दुपट्टा सोडून घाम पुसत होता
तोवर आत वैदेहीनं
जाहिरात चौथ्यांदा सुधारली.

बदल जमतो का तुम्हाला?
छापील प्रश्न. मी वाचला.
तो हसला नाही.
"मॅडम, रात्री दोनले ट्रक येये,
कागद एक म्हने, माल दुसराच.
सकाळपर्यंत सारं रॅक फिरवाचं.
रोजच बदले. नाव नोतं त्याले."

मी लिहून घ्यायला लागले, आणि थांबले.
फॉर्मवर चार चौकोन, चार कोर्सचे.
त्याचे चारही रिकामे.
समासात लिहिलं, तिरकं,
जागा पुरेना म्हणून "त्याले" मागच्या पानावर.

शुक्रवारी मागे वळून बघायची बैठक.
काय चांगलं झालं? नऊ जागा भरल्या.
काय अडलं? कूलर, असं निमजे म्हणाले.
सगळे हसले, मीही.
सांगितलं नाही की बुधवारी एक चिठ्ठी
कूलरच्या टाकीमागे सापडली,
शाई पसरलेली, उकेमधला उ तेवढा उरलेला.
ती चिकटेना. मी सेलोटेप मारला,
दुसऱ्या रकान्यात, जिथून पडली असेल तिथं.

आता ती सरकवता येत नाही.

शनिवारी त्याचा फोन. मागे कुकरच्या शिट्ट्या.
"मॅडम, पुढं काई?"
सोमवारी फळा पुसतात, नवे पंधरा दिवस.
मी म्हणाले,
सुरू आहे.